वेंगुर्ल्याजवळच्या १६ खोल्यांच्या हॉटेलची प्रकाशयोजना : छतात किती दिवे, कुठले, आणि डिमरचं काय?

सुरूबन

वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यापासून साधारण दोनशे मीटर आत १६ खोल्यांचं हॉटेल उभं राहतंय. तळमजला अधिक एक. चिऱ्याचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. भिंतींत झिऱ्या मारून पाइप टाकून झालेत, वायर ओढायची आहे, गिलावा बाकी आहे. म्हणजे पॉइंट हलवायचे तर आत्ताच.

खोली १२ × १४ फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर, मधोमध पंखा. पीओपी फक्त दाराजवळच्या बोळात आणि पडद्याच्या पेलमेटपुरता (पडद्याचा दांडा झाकणारी वरची पेटी). बाथरूम ५ × ८. रेस्टॉरंट ४० जणांचं, अर्धं पडवीत. मजल्यावरचा पॅसेज साठ फुटी.

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक खोलीत १२ वॉटचे सहा डाऊनलाइट (छतात बसवलेले, खाली प्रकाश टाकणारे दिवे; दोन ओळींत तीन-तीन), पेलमेटमध्ये एलईडी पट्टी, आरशावर एक ट्यूब. बाहेर नारळांना खालून मारायचे दिवे आणि गेटपर्यंत खांब.

शेजारच्या जुन्या सहा खोल्या सुरू आहेत. तिथल्या पाहुण्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत: पलंगावर वाचता येत नाही, आरशासमोर दाढी करताना चेहऱ्यावर सावली पडते, रात्री दिवा बंद केला तरी मिणमिणतो, डिमर लावलेले दिवे लुकलुकतात. बाहेरचे दिवे दोन पावसाळ्यांत गंजून जातात.

प्रश्न असे:
१. केल्विन (प्रकाशाच्या रंगाचा आकडा; जितका कमी तितका पिवळा) किती घ्यावं? सगळीकडे एकच की वेगवेगळं?
२. खोलीत नक्की कुठे काय लावावं?
३. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) घ्यावा का, घेतला तर कुठला?
४. समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकणारं काय?

---

काजळी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण झिऱ्या उघड्या आहेत.

ते सहा डाऊनलाइट काढून टाका. १२ वॉटचा बरा डाऊनलाइट हजार-अकराशे लुमेन (एकूण प्रकाश) देतो. सहांचे झाले सुमारे ६,५००. भिंती-छताने खाल्लेला प्रकाश धरून ०.६ आणि धूळ-वय धरून ०.८ ने गुणलं की उरतात ३,१०० च्या आसपास. खोली १५.६ चौरस मीटर. म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात सारखाच २०० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे लुमेन). झोपायच्या खोलीत सर्वसाधारण उजेड ५० ते १०० लक्स पुरे, आणि हातातलं पुस्तक, टेबल, आरसा एवढ्याच ठिकाणी ३०० च्या घरात हवा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये नेमकं उलट झालंय: जिथे नको तिथे दुप्पट आणि जिथे हवा तिथे कमी.

दुसरी अडचण पंख्याची. डाऊनलाइट पात्यांच्या वर आला की पाती प्रकाश कापतात आणि अख्खी खोली लुकलुकते. १२०० मिमीचा पंखा म्हणजे मध्यापासून ६०० मिमीपर्यंत पातं. दांडी ३०० मिमी खाली आली तर ३६ अंशी दिव्याचा झोत पात्यांच्या पातळीवर दोन्हीकडे आणखी शंभरेक मिमी पसरतो. त्यात सांडणारा उजेड धरून पंख्याच्या मध्यापासून ९०० मिमीच्या आत डाऊनलाइट नको. हे माप घेऊन नकाशावर वर्तुळ काढा, काही पॉइंट आपोआप बाद होतील.

तिसरी गोष्ट, पाहुणा खोलीत बराच वेळ आडवा असतो आणि त्याचा चेहरा छताकडे असतो. नकाशा वरून पाहणाऱ्याला ओळी सुबक दिसतात, उशीवर डोकं ठेवणाऱ्याला सरळ डोळ्यात घुसणारा दिवा दिसतो. उशीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यावर छतात काहीही नको.

मी असं मांडेन:

दाराजवळच्या पीओपीत एक ७ वॉट, ३६ अंश, आत खोल बसवलेला डाऊनलाइट. एलईडीची चिप कडेपासून ४०-५० मिमी आत असली की लांबून डोळ्यावर येत नाही. बॅग ठेवायची जागा आणि कपाटही याच झोतात आणा. कपाटात दारासोबत पेटणारी छोटी पट्टी दिली तर उत्तम.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना मानेवर वळणारे ३ वॉटचे वाचनाचे दिवे, झोत २५-३० अंश, १५०-२०० लुमेन. गादीच्या वर ५५० ते ६०० मिमी, म्हणजे फरशीपासून साधारण ११०० ते ११५० वर. प्रत्येकाचं बटण वेगळं. एकजण वाचत असताना दुसऱ्याला झोप लागली पाहिजे, ही त्याची खरी कसोटी. शिवाय दोन्हीकडे कापडी छत्रीचा ५ वॉटचा दिवा, किंवा जागा नसेल तर हेडबोर्डच्या मागे पट्टी. दोन्ही नकोत.

पेलमेटमधली पट्टी ठेवा. खोलीचा सर्वसाधारण उजेड तीच देईल. साडेतीन मीटर, मीटरला ९.६ वॉट. पडदा फिकट हवा. गडद निळा पडदा निवडलात तर निम्मा प्रकाश तोच पिऊन टाकेल. पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, वर दुधी झाकण लावून. उघडी चिकटवली की उष्णता बाहेर जात नाही, गोंद सुटतो आणि पडद्यावर ठिपके दिसतात.

टेबलावर हलवता येणारा दिवा. आणि पलंगाखाली, पायाच्या बाजूला, १ वॉटचा अंबर (पिवळट-नारिंगी) रात्रदिवा हालचालीच्या सेन्सरवर. सेन्सर फरशीपासून २०० मिमीवर बसवा, म्हणजे कूस बदलल्यावर पेटणार नाही, पाय खाली टाकल्यावरच पेटेल.

आरशाची ट्यूब वर असते म्हणून डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे लावा, प्रत्येकी ६ वॉट, मध्य फरशीपासून १५५० ते १६५० मिमी. शॉवरवर वेगळा आयपी ६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) डाऊनलाइट. शॉवरच्या आवाक्यात काही लावायचंच असेल तर ते १२ व्होल्टचं आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या बाहेर. खोलीच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे ना, तेही बघून घ्या.

आता केल्विन. खोल्या आणि रेस्टॉरंट २७००, बाथरूम ३०००, स्वयंपाकघर ४०००. एका नजरेत दोन रंग येऊ देऊ नका: दार उघडल्यावर बोळातला ४००० आणि आतला २७०० एकत्र दिसले की आतली खोली मळकट पिवळी वाटते. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून २७०० ते ३२०० मधलं काहीही मिळतं, त्यामुळे ऑर्डरवर आकडा लिहा. सोबत ‘३ एसडीसीएम किंवा कमी’ हेही लिहा. हा आकडा जितका मोठा, तितका एकाच खोक्यातल्या दोन दिव्यांच्या रंगात फरक. पाच-सहाच्या पुढे तो शेजारी-शेजारी लावल्यावर सरळ दिसतो.

सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. सीआरआय पहिल्या आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात येतच नाही. तो वेगळा मोजतात, त्याला आर ९ म्हणतात. सीआरआय ८० च्या स्वस्त एलईडीत आर ९ शून्याच्या आसपास असतो. त्या दिव्याखाली सोलकढी करडी दिसते आणि बांगड्याचं तिकलं विटकरी. रेस्टॉरंट आणि आरसा या दोन ठिकाणी आर ९ किमान ५० मागा.

---

फेज_न्यूट्रल

काजळी यांच्याशी सहमत. सहा डाऊनलाइट म्हणजे एका बटणावर सगळं, असं असतं. दिवे कमी आणि सर्किटं जास्त, हा हिशेब हॉटेलला बरा. वायर आणि बटणांचा खर्च वाढतो, दिव्यांचा कमी होतो.

डिमरबद्दल: खोल्यांत डिमर लावू नका. वाचनाचा दिवा, पेलमेट, छत्रीचा दिवा, बोळातला दिवा अशी चार बटणं असली की उजेडाच्या चार पातळ्या झाल्या. डिमर म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू, आणि पाहुण्याला शोधायला आणखी एक गोल बटण.

जुन्या खोल्यांत लुकलुक का होते तेही सांगतो. भिंतीवरचा नेहमीचा ४०० वॉटचा डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेला आहे. त्याला साधारण ४० वॉट किमान भार लागतो. पाच वॉटचे दोन एलईडी म्हणजे दहाच वॉट, त्यामुळे आतला ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विच) धड चालू राहत नाही, पेटतो-विझतो. उरलेलं काम ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) बिघडवतो: तो डिमेबल नसेल तर गुणगुणतो आणि सहा महिन्यांत जातो. तिथे डिमर काढून साधं बटण लावा. ठेवायचाच असेल तर ट्रेलिंग एज प्रकारचा, एलईडीसाठीचा, किमान भार ५ वॉटच्या आत लिहिलेला घ्या. दिवाही डिमेबल हवा. दोन्ही नमुने जोडून रात्री शांततेत कान लावून ऐका, मगच १६ खोल्यांची ऑर्डर द्या.

बंद केल्यावर मिणमिण: तीन कारणं, याच क्रमाने तपासा. १) बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. टेस्टरने होल्डरवर बघा. बटण बंद असताना टेस्टर पेटला तर हेच, आणि ते धोक्याचंही आहे. २) बटणात लाल इंडिकेटर आहे. त्याचा बारीकसा प्रवाह दिव्यातून जातो. तारेच्या बल्बला तो कळत नसे, एलईडीला कळतो. ३) दाराशी आणि पलंगाशी टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावणारी बटणं) आहे, आणि त्याच्या दोन वायरी लांबवर शेजारून गेल्यात. एका वायरीतला दाब (व्होल्टेज) दुसरीत उतरतो. पहिल्या दोन्ही नसतील तर दिव्याच्या फेज-न्यूट्रलला समांतर ०.१ मायक्रोफॅरॅड, २७५ व्होल्ट एसी, एक्स २ वर्गाचा कपॅसिटर जोडा. साधा पंख्याचा किंवा डीसी कपॅसिटर अजिबात नको. एक्स २ असाच लिहिलेला घ्या.

रेस्टॉरंटला मात्र डिमिंग हवंच, आणि तिथे मी डाली (वेगळ्या वायरींवरून ड्रायव्हरना आदेश देणारी पद्धत) घेईन. दोन वायरी, उलटसुलट जोडल्या तरी चालतात, एका लाइनवर ६४ ड्रायव्हर, लाइनचा एकूण प्रवाह २५० मिलीअँपिअर, १.५ चौ. मिमी वायरने लांबी ३०० मीटरपर्यंत. तुमचं काम यात सहज बसतं. ड्रायव्हर एक टक्क्यापर्यंत उतरणारा घ्या. कारण डोळा सरळ हिशेबाने चालत नाही: मीटरवर १० टक्के प्रकाश डोळ्याला तीसएक टक्के वाटतो. दहावरच थांबणारा ड्रायव्हर रात्रीच्या जेवणाला उजळच राहतो.

डालीची एक खोड लक्षात ठेवा. ड्रायव्हर कारखान्यातून येतो तेव्हा ‘वीज आली की पूर्ण पेट’ असं त्यात लिहिलेलं असतं. लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला की जेवणाच्या ऐन वेळी सगळं भगभगीत होतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून ही पॉवर-ऑन पातळी ‘आधी होती तीच’ अशी बदलून घ्या. आणि लाइट जाण्याचं नाटक करून, मेन पाडून, समोर तपासा.

पट्ट्या २४ व्होल्टच्याच. साधं गणित: १०० वॉटच्या पट्टीला २४ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर लागतात. ड्रायव्हर १० मीटर दूर, वायर १.५ चौ. मिमी, तर जाऊन-येऊन जवळपास १ व्होल्ट पडतो, म्हणजे ४ टक्के. वायर २.५ केली की दोन-अडीच. हीच पट्टी १२ व्होल्टची घेतली तर प्रवाह दुप्पट, पडणारा दाब दुप्पट, मूळ दाब निम्मा: घट १५-१६ टक्के. पट्टीची शेपटी मळकी दिसते ती यामुळे. एका टोकाकडून १२ व्होल्टला ५ मीटर, २४ ला १० मीटर, यापलीकडे मधे पुन्हा सप्लाय द्या. ड्रायव्हर भाराच्या सव्वापट: खोलीतल्या ३४ वॉटच्या पट्टीला ६० चा मिळेल तो ठीक.

ड्रायव्हर पीओपीत गाडू नका. १५० × १५० ची झडप सोडा. पाली आत जाऊन मरतात आणि शॉर्ट करतात, म्हणून टर्मिनलची झाकणं लावून वायरीची भोकं बंद करा.

एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच): एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप ओढतो, मिलिसेकंदाच्या काही भागासाठी एकेक ड्रायव्हर चाळीसेक अँपिअरही घेऊ शकतो. चालू भार दोन अँपिअर असूनही दहा अँपिअरची बी-कर्व्ह एमसीबी जनरेटरवर जाताना पडते, ती याच कारणाने. सी-कर्व्ह (असा क्षणिक धक्का सोसणारी) लावा, आणि एका एमसीबीवर किती ड्रायव्हर हे ड्रायव्हरच्या डेटाशीटमधल्या तक्त्यावरून ठरवा, वॉटवरून नाही. की-कार्डच्या स्विचमधला रिले याच धक्क्याने चिकटून बसतो. मग कार्ड काढलं तरी खोली चालूच. कार्डाने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार सांभाळणाऱ्या स्विचची) कॉइल चालवा, भार कॉन्टॅक्टरवर. फ्रिज आणि एक चार्जिंगचा सॉकेट कार्डाबाहेर.

आपल्याकडे न्यूट्रल सुटण्याचा प्रकार होतो, विशेषतः पावसाळ्यात फांद्या पडल्यावर. तीन फेज सप्लायमध्ये न्यूट्रल गेला की एखाद्या फेजवर दाब ४०० च्या दिशेने चढतो आणि एका मिनिटात पन्नास ड्रायव्हर जातात. मेन डीबीत टाइप २ एसपीडी बसवाच, पण तो विजेच्या झटक्यासाठी. न्यूट्रलसाठी वेगळा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो. दोन्ही मिळून खर्च एका खोलीच्या दिव्यांपेक्षा फारसा नाही. इन्व्हर्टर घेत असाल तर शुद्ध साइन वेव्हचाच. स्क्वेअर वेव्हवर ड्रायव्हर गुणगुणतात आणि डिमर वेडेवाकडे वागतात.

---

चेकआउट_अकरा

वापराच्या बाजूने थोडं.

बटणांच्या जागा दिव्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, पडल्या पडल्या हात पोचेल अशा (गादीच्या वर १५०-२०० मिमी) जागी त्या बाजूचा वाचनाचा दिवा आणि ‘सगळं बंद’ असं एक बटण. बाथरूमचा दिवा ‘सगळं बंद’मध्ये घेऊ नका, आत कुणी असू शकतं. रात्रदिवाही त्यातून वगळा. एका पट्टीवर चारपेक्षा जास्त बटणं आली की पाहुणा एकेक दाबत बसतो, म्हणून बोळ आणि पलंग अशा दोन ठिकाणी वाटा.

कार्ड घातल्यावर सगळं पेटू देऊ नका. बोळ, पेलमेट आणि एक छत्रीचा दिवा, एवढंच. रात्री अकराला प्रवासातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सगळं एकदम येतं ते बरं नाही.

सफाईला मात्र भरपूर उजेड लागतो, आणि मंद खोल्यांत केस-धूळ राहून जाते ही नेहमीची तक्रार. दिवसा पडदे उघडून काम होतं. बाथरूमला खिडकी लहान असेल तर आरसा आणि शॉवर मिळून २०० लक्स तरी मिळतील असं बघा.

रेस्टॉरंटला चार दृश्यं (आधीच ठरवून ठेवलेल्या उजेडाच्या मांडण्या) पुरतात: नाश्ता, दुपार, रात्र, सफाई. रात्री टेबलावर ७० ते १०० लक्स, आजूबाजूला त्याचा तिसरा हिस्सा. ५० च्या खाली गेलं की चाळिशी लागलेले लोक मेनू मोबाइलच्या टॉर्चने वाचू लागतात. सफाईचं दृश्य पूर्ण उजेडाचं, आणि ते बटण काउंटरच्या आत, ग्राहकाच्या हाताला लागणार नाही असं.

टेबलं हलतात हे विसरू नका. आठ जणांचं कुटुंब आलं की दोन टेबलं जोडली जातात आणि झोत टेबलाऐवजी कुणाच्या तरी टकलावर पडतो. कौलांखालच्या वाशांना ट्रॅक लावून स्पॉट सरकते ठेवा. पीओपीतले ठरावीक भोकांचे दिवे इथे कामाचे नाहीत.

पॅसेज चोवीस तास चालतो, म्हणून तिथे बचत खरी होते. संध्याकाळी १०० लक्स, अकरानंतर ३० टक्के आणि सेन्सरने वर. पूर्ण बंद करून सेन्सरवर सोडू नका, अंधाऱ्या पॅसेजमध्ये एकट्या पाहुण्याला पाऊल टाकायला लावणं चूक. प्रत्येक दाराच्या बाजूच्या भिंतीवर लहान दिवा असला की खोली क्रमांक दिसतो, कुलूप दिसतं, आणि साठ फुटांचा बोगदाही वाटत नाही. बाहेर पडण्याच्या पाट्या आणि बॅटरीचे आपत्कालीन दिवे डिमर, सेन्सर, की-कार्ड यांपैकी कशावरही घ्यायचे नाहीत, त्यांचं सर्किट वेगळं.

---

ओहोटी

बाहेरचं कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

लोक आयपी ६५ बघून घेतात आणि गंजला की कंपनीला बोल लावतात. आयपीचा आकडा धूळ-पाण्याचा आहे, मिठाचा नाही. खाऱ्या हवेसाठी बॉडी, रंग आणि स्क्रू बघा. स्टीलचं असेल तर ३१६, ३०४ वर किनाऱ्याला तांबूस डाग येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू सरळ बसवला की दोन धातू आणि खारं पाणी मिळून अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं, रंगाखाली पांढरी पूड फुगते. मधे नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना ग्रीस लावा. पितळ आणि तांबं काळवंडतं पण टिकतं. बसवताना रंगाला ओरखडा गेला तर त्याच दिवशी टचअप, कारण सुरुवात तिथूनच होते.

आयपी ६७ च्या दिव्यातही पाणी का सापडतं? दिवा तापलेला असतो, वरून पावसाची सर येते, आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढून घेते. काचेचं सील घट्ट असेल तर ती वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटीतून येते, सोबत जोडणीच्या डबीतला ओलावा घेऊन. म्हणून जोड जेल भरलेल्या डबीत करा, वायर ग्लँडमध्ये (वायर आत घेणाऱ्या घट्ट बुचात) खालून वर शिरू द्या, आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथे गळतील. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा ब्रीदर असलेला दिवा मिळाला तर तोच घ्या. जमिनीत गाडायचे दिवे कोकणातल्या पावसात टाळावेत. घ्यायचेच तर खाली फूटभर खडी भरून पाणी मुरायला जागा करा.

चिऱ्याच्या भिंतीला प्रकाश द्यायचा तर भिंतीपासून १५० ते २०० मिमीवर, सरपटता. प्रत्येक छिद्राची सावली पडते आणि दगड उठून दिसतो. रंग २७०० किंवा त्याखाली. ४००० ने जांभा मेलेला दिसतो. हाच झोत गिलाव्याच्या भिंतीवर मारू नका, गवंड्याचे सगळे दोष दिसतील. गिलाव्यापासून ९०० मिमी लांब या.

नारळांना खालून दिवे मारायचा बेत सोडा, आणि कारण फक्त सौंदर्याचं नाही. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तुमच्या तालुक्यातच. पिल्लं वाळूतून बाहेर आली की क्षितिजाच्या उजळ बाजूकडे सरपटतात. ती बाजू एरवी समुद्राची. हॉटेल जास्त उजळ असेल तर पिल्लं उलट्या दिशेला येतात आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. माद्याही उजळ किनारा टाळतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळात समुद्राकडून दिव्याचा उगम दिसता कामा नये. खांब मीटरभर उंचीच्या आत, झोत फक्त खाली, समुद्राकडची बाजू पूर्ण झाकलेली. रंग ‘वॉर्म’ म्हणून भागत नाही, २७०० मध्येही निळा असतो. ५९० नॅनोमीटरचा खरा अंबर एलईडी मागा, म्हणजे पांढऱ्यावर पिवळी फिल्म लावलेला नाही. समुद्राकडच्या खोल्यांचे पडदे जाड घ्या.

अंबरचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळेल: किडे निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे जातात. पडवीत जेवणाऱ्यांच्या ताटात पंख पडायचे कमी होतील. ताटावर मात्र अंबर नको, तिथे अन्नाचे रंगच जातात. पडवीच्या बाहेरच्या कडेला अंबर, टेबलावर २७०० चा आखूड झोत.

आणि नारळाखाली कुठलाच दिवा बसवू नका, मग तो कितीही महागाचा असो. नारळ आयपी मानत नाही.

---

सुरूबन

सगळ्यांचे आभार. डाऊनलाइटची वर्तुळं काढली, सहापैकी काही पंख्यात जातात, एक उशीवर. आर्किटेक्ट पॉइंट हलवायला तयार आहेत.

दोन शंका राहिल्या. रेस्टॉरंटच्या स्पॉटचा झोत किती अंशांचा आणि किती वॉट? ट्रॅक फरशीपासून २४०० मिमीवर येईल, टेबल ७५० उंच, ३ × ३ फुटांचं. आणि नमुने आल्यावर ते खरे आहेत की नाहीत हे घरच्या घरी कसं तपासायचं?

---

काजळी

झोताचं वर्तुळ = २ × अंतर × टॅन (अर्धा कोन). तुमचं अंतर १६५० मिमी. २४ अंशाला ७०० मिमीचं वर्तुळ, ३६ ला १०७० चं. टेबल ९०० चं आहे. म्हणजे २४ अंशात प्रकाश ताटांवर राहतो आणि पांढऱ्या ताटावरून उसळून चेहऱ्यावर मऊ येतो. ३६ अंशात तो थेट कपाळावर पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. २४ घ्या, पुढे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लावा.

वॉट: ७ वॉटचा २४ अंशी स्पॉट मधोमध २,००० कँडेलाच्या (एका दिशेतल्या प्रकाशाची तीव्रता) आसपास देतो. १.६५ चा वर्ग २.७२, भागून आले ७३० लक्स. तुम्हाला रात्री १०० हवेत. म्हणजे तो कायम १४ टक्क्यांवर चालणार. ४ वॉटचा घेतलात तर नाश्त्यालाही पुरतो आणि खालच्या पातळीवर स्थिर राहतो. दुकानदार ‘असू द्या, डिम करता येईल’ म्हणून १२ चा गळ्यात मारतात, त्याला बळी पडू नका.

तपासणी: मोबाइलचा स्लो-मोशन २४० फ्रेमवर लावून दिवा पूर्ण आणि २० टक्क्यांवर शूट करा. पट्टे सरकताना किंवा उघडझाप दिसली तर ड्रायव्हर सुमार. मोबाइलवरच्या लक्सच्या अ‍ॅपवर विसंबू नका, साधा लक्समीटर घ्या. रंगासाठी दोन नमुने पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी मारा, आणि तिसरा कोकमाच्या आगळाच्या वाटीवर. कागदपत्रांत एलएम-७९ चा (अख्ख्या दिव्याच्या चाचणीचा) अहवाल त्याच मॉडेलचा आहे का बघा. एलएम-८० फक्त चिपचा असतो, ‘५०,००० तास’ त्याच्या जोरावर लिहितात, पण बहुतेक वेळा चिपच्या कितीतरी आधी ड्रायव्हर जातो. ड्रायव्हरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला हवा.

---

फेज_न्यूट्रल

आणि सगळा माल एकाच लॉटचा मागवून दहा टक्के जास्तीचा ठेवा, दिवेही आणि ड्रायव्हरही. वर्षभराने तोच मॉडेल क्रमांक मागवला तरी रंग जुळेलच असं नाही. जादाचे ड्रायव्हर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, समुद्राजवळ खोक्यातल्या खोक्यात टर्मिनल हिरवी पडतात.

गिलाव्याआधी एक काम: एका खोलीचे सगळे दिवे तात्पुरत्या वायरीवर लटकवून रात्री पलंगावर आडवं पडून बघा, मग स्टुलावर आरशासमोर. पॉइंट तिथल्या तिथे खडूने सरकवा आणि त्याच खोलीची मापं उरलेल्या पंधरांना द्या. पंख्याला रेग्युलेटर लावून पूर्ण वेगावरही बघा, लुकलुक तेव्हाच दिसते.